एक चलन, अनेक देश: पण वाईट वर्षाचा भार कोणाचा?

१ जानेवारी २०२६ रोजी बल्गेरियाने लेव हे आपले चलन सोडून युरो स्वीकारला आणि युरो वापरणाऱ्या युरोपीय संघातील देशांची संख्या २१ झाली. अशी बातमी आली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो. दोन महायुद्धांत एकमेकांचे रक्त सांडलेले फ्रान्स, जर्मनी आणि इटली एकच नोट वापरू शकतात, तर इतर शेजारी देशांना ते का जमू नये? खरे म्हणजे एकसारख्या नोटा छापणे हा या व्यवस्थेतला सर्वांत सोपा भाग आहे. एका सदस्य देशात पीक बुडाले किंवा कारखाने बंद पडले आणि त्याच वेळी दुसऱ्या देशात भरभराट असली, तर त्या वाईट वर्षाचा भार कोणी आणि कोणत्या मार्गाने उचलायचा, हे ठरवणे अवघड असते. सामायिक चलनाचे यश आणि अपयश या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहिले आहे, आणि तो प्रश्न समजून घ्यायला विदर्भात राहणाऱ्या माणसाला फार लांब जावे लागत नाही.

आधी फायदा पाहू, कारण तो खरा आहे आणि मोठाही आहे. काटोल किंवा वरुडच्या बागेतली संत्री कोलकात्याच्या बाजारात जातात, तेव्हा विकणारा आणि घेणारा दोघेही रुपयात बोलतात. भाव पाडून मागितला, गाडी उशिरा पोहोचली, माल खराब निघाला, अशा हजार कटकटी होतील, पण पैशाच्या मोलाबद्दल वाद होत नाही. तीच संत्री सीमेपलीकडे बांगलादेशात गेली की तिथला ग्राहक टका मोजतो, आयातदाराला बँकेतून सहसा डॉलर मिळवावे लागतात आणि इथल्या व्यापाऱ्याच्या खात्यात शेवटी रुपये जमा होतात. प्रत्येक बदलात बँकेचा वाटा जातो, सौदा ठरल्यापासून पैसे हाती येईपर्यंत दर हलला तर नफा पुसला जाऊ शकतो, आणि तिकडे डॉलरची टंचाई असेल तर आयातदाराची एलसीच (पैसे देण्याची बँकेची हमी) उघडत नाही. दोन्हीकडे एकच चलन असते तर ही सगळी अनिश्चितता नाहीशी झाली असती. (बांगलादेशाने वाढवलेल्या आयात शुल्काचा जो फटका आपल्या संत्रा उत्पादकांना बसला, तो मात्र सामायिक चलनाने टळला नसता. शुल्क आणि चलन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि चर्चेत त्यांची अनेकदा गल्लत होते.)

आपल्याच भागात ही अडचण एकेकाळी दाराशी होती. नागपूरकर भोसल्यांचा रुपया निराळा, निजामाच्या राज्यातला हाली शिक्का निराळा आणि ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया निराळा. सराफ नाण्याचे वजन आणि कस पाहून बट्टा कापत, आणि तो बट्टा अखेर शेतकऱ्याच्या आणि छोट्या व्यापाऱ्याच्या खिशातून जाई. कंपनीने १८३५ च्या कायद्याने आपल्या ताब्यातील मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरवला. हाली शिक्का मात्र हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरही १९५० च्या दशकात काही वर्षे चालत राहिला, आणि सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार (भारतीय रुपये) हा हिशेब मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला पाठ असे. आज लातूरहून नागपूरला येणाऱ्याला असा कोणताही हिशेब करावा लागत नाही. युरोपात १ जानेवारी २००२ रोजी युरोच्या नोटा आणि नाणी १२ देशांत हाती आली, तेव्हा तिथल्या कोट्यवधी लोकांना हीच सुटका अनुभवायला मिळाली.

या सोयीची किंमत मात्र प्रत्येक देशाला चुकवावी लागते. स्वतःचे चलन असलेल्या देशाच्या हाती तीन साधने असतात. पहिले साधन व्याजदराचे: मंदी आली तर तो कमी करून कर्ज स्वस्त करायचे, महागाई भडकली तर वाढवायचा. दुसरे विनिमय दराचे: देशाचा माल परदेशात महाग पडू लागला, तर चलनाचे मोल उतरू द्यायचे, म्हणजे निर्यात पुन्हा परवडू लागते. भारताने ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन केले आणि डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे झाला, ते याच साधनाचे आपल्याकडचे ठळक उदाहरण. तिसरे साधन शेवटच्या आधाराचे: बँका अडचणीत आल्या किंवा सरकारला कोणी कर्ज देईना, तर देशाची मध्यवर्ती बँक आपल्या चलनात हवा तेवढा पैसा पुरवू शकते. या तिसऱ्या साधनाचा गैरवापर करून अनेक सरकारांनी महागाईचा वणवा पेटवला आहे, हे खरे. पण ते हातात आहे एवढ्यानेच बाजारातली भीती पुष्कळ कमी होते. सामायिक चलन स्वीकारले की ही तिन्ही साधने देशाच्या राजधानीतून उठून एका सामायिक बँकेकडे जातात. युरोच्या बाबतीत ती जागा म्हणजे जर्मनीतील फ्रँकफर्ट येथील युरोपीय मध्यवर्ती बँक.

मग साधने गमावलेल्या प्रदेशावर संकट आले तर त्याने करायचे काय? कॅनडात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट मंडेल यांनी १९६१ मध्ये एका छोट्या निबंधात हा प्रश्न नेमका मांडला आणि पुढे १९९९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. एक चलन कोणत्या भूभागाला शोभते, हे देशांच्या सीमांवरून ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जिथे कामगार सहज एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ शकतात, तिथे एका भागाला बसलेला धक्का बेकारीच्या रूपाने साचून राहत नाही. इतर अभ्यासकांनी त्यात पुढे भर घातली: प्रदेशांचा आपसातला व्यापार मोठा असावा, त्यांच्यावर येणारी संकटे साधारण एकाच वेळी यावीत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सगळ्यांची मिळून एक तिजोरी असावी, जिच्यातून सुस्थितीतल्या भागाचा पैसा अडचणीतल्या भागाकडे आपोआप वळेल.

ही कसोटी आपण स्वतःवर लावून पाहावी. रिझर्व्ह बँकेचे कार्यालय नागपुरात आहे, पण रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, मुंबईत सहा सदस्यांची पतधोरण समिती ठरवते, आणि तो दर दलाल स्ट्रीटला जसा लागू होतो तसाच गडचिरोलीलाही होतो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस पोखरला, तेव्हा यवतमाळसाठी वेगळा व्याजदर ठेवणे शक्य नव्हते आणि विदर्भाचा स्वतंत्र रुपया नसल्यामुळे त्याचे मोल उतरवण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही हा प्रदेश चलनसंकटात सापडला नाही, याची कारणे मंडेल यांच्या चौकटीत बसतात. गावातला तरुण व्हिसाशिवाय पुण्याला किंवा सुरतेला कामाला जातो आणि घरी पैसे पाठवतो. निवृत्तिवेतन, रेल्वे आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांचे पगार, रोजगार हमीची मजुरी हे सगळे पीक बुडाले तरी येत राहते, कारण ते विदर्भाच्या करातून दिले जात नाही. बँकेची कर्जे थकली तरी ती बँक देशभर पसरलेली असल्यामुळे नुकसान देशभर विभागले जाते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्राच्या विभाज्य करांतले ४१ टक्के राज्यांना द्यायचे ठरवले. त्या वाट्यात बिहारचा हिस्सा सुमारे १० टक्के होता आणि केंद्राच्या तिजोरीत सर्वाधिक कर भरणाऱ्या महाराष्ट्राचा सुमारे ६.३ टक्के. मुंबईतून याबद्दल वेळोवेळी नाराजी व्यक्त होते, पण माझ्या मते भारतभर एक रुपया टिकून राहण्याचे मोठे कारण हेच वाटप आहे.

अर्थात, तिजोरी एक असली म्हणून वाद मिटत नाही. १९५३ चा नागपूर करार, त्यातून दर वर्षी इथे भरणारे विधिमंडळाचे अधिवेशन, १९८४ च्या अहवालात दांडेकर समितीने मोजलेला विकासाचा अनुशेष आणि त्यानंतर चाललेली चर्चा हे सगळे एकाच राज्यातल्या, एकच भाषा बोलणाऱ्या लोकांमधले वाटपाचे वाद आहेत. विदर्भाच्या वाट्याचा पैसा दुसरीकडे वळला की नाही, यावर आपण पिढ्यानपिढ्या भांडतो. ज्यांची भाषा, संसद आणि करप्रणाली वेगवेगळी आहे अशा देशांत हा वाद किती तीव्र होत असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

युरोपने नेमका हाच भाग मागे ठेवला होता. फेब्रुवारी १९९२ मध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे करार झाला. त्यात चलन एक करायचे ठरले, पण कर, खर्च आणि कर्ज ज्याच्या त्याच्याकडे राहिले. एका देशाच्या कर्जाची जबाबदारी दुसऱ्यावर येणार नाही, हे स्पष्टपणे लिहिले गेले, आणि शिस्त म्हणून सरकारी तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत व कर्ज ६० टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट घातली गेली. युरोपीय संघाचा सामायिक अर्थसंकल्प एकूण उत्पन्नाच्या जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असतो. एवढ्या छोट्या तिजोरीतून कोणाचे वाईट वर्ष भरून निघणार? १ जानेवारी १९९९ रोजी ११ देशांनी आपले विनिमय दर कायमचे गोठवले आणि युरो हिशेबाचे चलन म्हणून सुरू झाला. ग्रीस २००१ मध्ये आत आला.

पहिली काही वर्षे इतकी सुरळीत गेली की त्यातच पुढच्या संकटाचे बीज रुजले. गुंतवणूकदारांनी ग्रीस, स्पेन, पोर्तुगाल यांच्या सरकारांना जवळजवळ जर्मनीच्याच व्याजदराने कर्ज द्यायला सुरुवात केली, जणू चलन एक झाले म्हणजे ऐपतही एक झाली. जून २००३ ते डिसेंबर २००५ या काळात युरोपीय मध्यवर्ती बँकेचा मुख्य दर २ टक्के होता. त्या वेळी मरगळलेल्या जर्मनीसाठी तो ठीक होता. स्पेनमध्ये मात्र महागाईच ३ टक्क्यांच्या वर होती, म्हणजे कर्ज घेणाऱ्याला खरे पाहता व्याज पडतच नव्हते. स्पेन आणि आयर्लंडमध्ये घरबांधणीचा पूर आला, घरांचे भाव फुगले आणि २००८ च्या जागतिक संकटात तो फुगा फुटला. स्पेनच्या सरकारने तोवर तूट मर्यादेत ठेवली होती, उलट काही वर्षे शिल्लकही दाखवली होती. संकटग्रस्त देश म्हणजे उधळे देश, असे सरसकट म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

ग्रीसची कथा वेगळी होती, तिथे हिशेबच खरे नव्हते. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या नव्या सरकारने आधीचे आकडे चुकीचे असल्याचे जाहीर केले, आणि दुरुस्तीनंतर त्या वर्षीची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या १५ टक्क्यांच्या वर निघाली. ग्रीसकडे स्वतःचे ड्राख्मा असते तर त्याचे मोल झपाट्याने कोसळले असते, आयात महागली असती, पण पर्यटन आणि निर्यात काही काळाने सावरली असती. युरोत राहून तो मार्ग बंद होता. भाव खाली आणायचे तर पगार, निवृत्तिवेतन आणि सरकारी खर्चच कापावा लागणार होता. २०१०, २०१२ आणि २०१५ अशा तीन वेळा मोठी कर्जे मिळाली, प्रत्येक वेळी कठोर अटींसह. अर्थव्यवस्था सुमारे चतुर्थांशाने आकसली आणि २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांच्या वर गेली. जून २०१५ च्या अखेरीस बँका बंद ठेवाव्या लागल्या आणि एटीएममधून दिवसाला ६० युरोच काढता येतील, अशी मर्यादा आली. खात्यात युरो आहेत, पण ते काढता येत नाहीत, ही अवस्था सामायिक चलनाच्या आत राहूनही येऊ शकते, हे तेव्हा सगळ्या जगाने पाहिले. जर्मनीतल्या करदात्याची बाजूही समजून घ्यायला हवी: करारात दुसऱ्याच्या कर्जाची जबाबदारी नाही असे लिहिलेले असताना आपण का भरायचे, हा त्याचा प्रश्न गैर नव्हता. उत्तर आधीच ठरवून ठेवले नव्हते, म्हणून ते संकटाच्या मध्यावर आणि सर्वांत दुबळ्याच्या खर्चाने शोधावे लागले.

जुलै २०१२ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी युरो वाचवण्यासाठी आपल्या अधिकारात लागेल ते सर्व करू, असे जाहीर केले आणि बाजार शांत होऊ लागला. म्हणजे शेवटच्या आधाराचे ते तिसरे साधन अखेर कोणीतरी हाती घेतले. त्याच वर्षी अडचणीतल्या देशांना कर्ज देण्यासाठी ५०० अब्ज युरो क्षमतेचा कायमस्वरूपी निधी उभा राहिला. २०२० मध्ये करोनाच्या काळात ७५० अब्ज युरोंची योजना मंजूर झाली, आणि तिच्यासाठी संघाने प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर सर्वांच्या नावे कर्ज उभारून त्याचा मोठा भाग अनुदान म्हणून वाटला. एक चलन आधी आणि एक तिजोरी, तीही अर्धीमुर्धी, वीस वर्षांनी, असा हा उलटा प्रवास आहे.

पश्चिम आफ्रिकेतली कथा आपल्याकडे फार कमी सांगितली जाते, आणि कापूस पिकवणाऱ्या विदर्भाने तर ती जरूर ऐकावी. डिसेंबर १९४५ मध्ये फ्रान्सने आपल्या आफ्रिकी वसाहतींसाठी सीएफए फ्रँक हे चलन सुरू केले. वसाहती स्वतंत्र झाल्या, तरी ते टिकले. आज सेनेगल, माली, बुर्किना फासो, बेनिन यांसह आठ देश डकारच्या बँकेचा, आणि कॅमेरून, चाड, गॅबन यांसह सहा देश याउंडेच्या बँकेचा सीएफए फ्रँक वापरतात. त्याचा दर युरोशी बांधलेला आहे: एका युरोला ६५५.९५७ फ्रँक. या बांधणीमुळे तिथली महागाई इतर अनेक आफ्रिकी देशांपेक्षा कमी राहिली, ही जमेची बाजू. पण बदल्यात परकीय गंगाजळीचा निम्मा भाग फ्रान्सच्या सरकारी खजिन्यात ठेवावा लागे; पश्चिमेकडच्या आठ देशांसाठी ही अट रद्द करण्याची घोषणा डिसेंबर २०१९ मध्ये झाली.

आता मालीच्या कापूस उत्पादकाचा विचार करा. जगात कापसाचा सौदा डॉलरमध्ये होतो. युरो डॉलरपुढे वधारला की त्याला बांधलेला फ्रँकही वधारतो, आणि न्यूयॉर्कचा भाव तसाच असला तरी मालीच्या शेतकऱ्याच्या हातात कमी फ्रँक पडतात. युरो का वधारला? त्याची कारणे युरोपात असतात आणि मालीचा त्यांच्याशी काही संबंध नसतो. याउलट जानेवारी १९९४ मध्ये सीएफए फ्रँकचे मोल एका रात्रीत निम्मे केले गेले, फ्रेंच फ्रँकला ५० ऐवजी १०० असा दर झाला. शहरांत आयात औषधे आणि धान्य भडकले, पगारदारांचे हाल झाले; कापूस उत्पादकांना मात्र त्याच गाठीचे जास्त फ्रँक मिळू लागले आणि पुढच्या वर्षांत तिथला कापसाचा पेरा वाढला. एकाच निर्णयाने शहर आणि खेडे यांच्यात असा विरुद्ध परिणाम झाला. एक मात्र दोघांच्याही बाबतीत सारखे होते: या चलनाच्या बांधणीचे धोरण पॅरिसच्या संमतीशिवाय हलत नव्हते.

कमी गाजावाजा झालेल्या व्यवस्थाही आहेत. पूर्व कॅरिबियनमधील आठ छोटी बेटराज्ये आणि प्रदेश एकच डॉलर वापरतात आणि १९७६ पासून त्याचा दर अमेरिकी डॉलरला २.७० असा स्थिर आहे. दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी नामिबिया, लेसोथो आणि एस्वातिनी यांची चलने एकास एक जोडलेली आहेत. तिथे १९१० पासून चालत आलेला जकात संघ गोळा झालेला महसूल सदस्यांत वाटतो आणि छोट्या देशांच्या अर्थसंकल्पाचा मोठा भाग त्यातून येतो. सामायिक तिजोरीची ही एक मर्यादित, पण उपयोगी आवृत्तीच म्हणायची.

आपला रुपयाही एकेकाळी देशाबाहेर चालत असे. कुवेत, बहारीन, कतार, ओमान आणि आजची संयुक्त अरब अमिराती इथे भारतीय रुपया हेच व्यवहाराचे चलन होते. सोन्याच्या तस्करीतून परकीय चलन झिरपते आहे, असे दिसल्यावर १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या खास नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये आपला दिनार सुरू केला. १९६६ चे अवमूल्यन झाले, तेव्हा उरलेल्यांचा विश्वासही उडाला. भारताने ते अवमूल्यन आपल्या गरजेसाठी केले होते, पण दुबईच्या व्यापाऱ्याच्या पेटीतली शिल्लक दिल्लीतल्या एका निर्णयाने घटली आणि त्याला कोणी विचारलेही नाही. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत नेपाळमध्ये असाच अनुभव आला: तिथल्या लोकांकडच्या आणि बँकांकडच्या जुन्या भारतीय नोटा बदलून मिळाल्या नाहीत. नेपाळचा रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाशी १.६० या दराने, आणि भूतानचा न्गुलट्रम एकास एक दराने बांधलेला आहे. म्हणजे आपला रेपो दर त्यांच्यावरही परिणाम करतो, पण पतधोरण समितीत त्यांना जागा नाही. बल्गेरियाचा लेवही १९९७ पासून आधी जर्मन मार्कशी आणि नंतर युरोशी असाच बांधलेला होता. युरो घेऊन त्या देशाने स्वातंत्र्य फारसे गमावलेले नाही. जो दर दुसरे ठरवत होते तो ठरवणाऱ्या फ्रँकफर्टच्या परिषदेत त्याच्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरला खुर्ची मिळाली.

दक्षिण आशियासाठी सामायिक चलनाची कल्पना डिसेंबर २००३ मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी जाहीरपणे मांडली होती. आज तिच्याकडे पाहताना मंडेल यांची कसोटी लावली, तर प्रत्येक अट दूर दिसते. या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास आहे. कामासाठी बऱ्यापैकी मोकळेपणाने येणे-जाणे भारत-नेपाळ आणि भारत-भूतान यांच्यातच काय ते शक्य आहे. आणि भारताचा आकार इतका मोठा आहे की सामायिक बँकेतही निर्णय त्याच्याच सोयीने होतील, ही शेजाऱ्यांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. ज्यांच्यात पैसा, धर्म आणि भाषा यांचे साम्य होते, त्या आखाती देशांनाही सामायिक चलनाचे २०१० चे उद्दिष्ट गाठता आले नाही. ओमान आधीच बाहेर पडला होता आणि अमिरातीने २००९ मध्ये माघार घेतली. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या ‘इको’ या नियोजित चलनाची तारीख वारंवार पुढे गेली. म्हणून शेजारी देशांनी पैशाच्या बाबतीत जवळ यायचे असेल, तर चलन एक करण्याच्या कितीतरी आधी शुल्क कमी करणे, एकमेकांच्या चलनात थेट देणी फेडण्याची सोय करणे आणि अडचणीच्या वेळी मध्यवर्ती बँकांनी परस्परांना उसनवारी देणे, या पायऱ्या येतात. यांतली शेवटची आपण चढू लागलो आहोत: सार्क देशांसाठी रिझर्व्ह बँकेची चलन अदलाबदलीची व्यवस्था २०१२ पासून आहे, आणि २०२२ च्या संकटात श्रीलंकेला भारताने दिलेल्या मदतीत तिचाही वाटा होता.